समाजशास्त्राचे पहिले धडे

रसायनशास्त्र शिकणाऱ्यास प्रयोगशाळा लागते, वैद्यकाच्या विद्यार्थ्यास रुग्णालय लागतें, खगोलाच्या अभ्यासकास दुर्बीण लागते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्यास समाजाचा अभ्यास करावयाचा आहे त्याची प्रयोगशाळा कोणती? ज्या चाळींत तो राहतो, ज्या पंक्तींत तो जेवतो, ज्या जातींत त्याचें लग्न होतें, तीच त्याच्या अभ्यासाची वस्तु. म्हणून या शास्त्रांत विषयाइतकेंच, किंबहुना विषयाहूनहि अधिक, महत्त्व पद्धतीस आहे. प्रश्न कोणास विचारावा, कसा विचारावा, मिळालेलें उत्तर कितपत खरें मानावें, आणि तें आपल्या समजुतीच्या विरुद्ध गेलें तर काय करावें, या चार गोष्टी ज्यास साधल्या त्यास समाजशास्त्र आलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. आपल्या देशांत विद्यापीठाच्या छायेखालीं हें शिक्षण कसें रुजलें, याची हकीकत बऱ्याच अंशीं मुंबई विद्यापीठाच्या इतिहासांत सांपडते.

हा विषय विद्यापीठांत येण्यापूर्वीं समाजाची पाहणी होत नव्हती असें नाहीं. पण ती मुख्यतः राज्यकर्त्यांची पाहणी होती. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि त्यानंतर थोडक्याच काळांत टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरनें पुण्याजवळील लोणी या गांवची शेती, घरें, अन्नवस्त्र आणि कर्ज यांचा बारकाईनें वृत्तान्त लिहिला. तो १८२३ सालीं मुंबईच्या लिटररी सोसायटीनें छापला. पुढें १८८१ पासून दर दहा वर्षांनीं नियमित खानेसुमारी होऊं लागली. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनीं तर जातींची सामाजिक दर्जाप्रमाणें उतरंड लावण्याचा घाट घातला. परिणाम असा झाला कीं, आपली पायरी वरची धरावी म्हणून जातिजातींकडून अर्जांचा पाऊस पडला. मोजणाऱ्याच्या हातीं सत्ता असली म्हणजे ज्याचें मोजमाप व्हावयाचें तो समाज स्वस्थ बसून राहत नाहीं, ही गोष्ट त्या वेळींच दिसून आली.

विद्यार्थ्यांस स्वतः पाहणीस लावण्याचे आरंभीचे प्रयत्न अर्थशास्त्र आणि शेतकी या विषयांच्या शिक्षकांनीं केले. मद्रास विद्यापीठांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आलेले गिल्बर्ट स्लेटर यांनीं १९१६ सालीं आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं प्रश्नावली देऊन त्यांस सुटींत खेड्यांत धाडलें. त्या टिपणांचें पुस्तक १९१८ सालीं निघालें, आणि १९३६ च्या सुमारास त्याच खेड्यांची फेरपाहणीहि झाली. इकडे पुण्यास शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या खेड्याची जमीन आणि मजुरी यांची पाहणी करून १९१७ सालीं प्रसिद्ध केली. १७७१ सालीं तेथें सरासरी ४० एकरांची असलेली जमिनीची धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, हें त्यांनीं जुन्या आणि नव्या नोंदी एकमेकींशीं ताडून दाखविलें. शेतकरी आळशी आहे म्हणून तो दरिद्री आहे, असें सांगणाऱ्यांपुढें हा एक आंकडा ठेवला असतां पुष्कळ वाद आपोआप थांबतात. त्या पिंपळे सौदागरचा आज पिंपरी-चिंचवड शहरांत समावेश झाला असून मॅनसाहेबांनीं मोजलेल्या शेतांवर उंच इमारती उभ्या आहेत.

समाजशास्त्र म्हणून स्वतंत्र विभाग मुंबई विद्यापीठांत १९१९ सालीं सुरू झाला, आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस यांची नेमणूक झाली. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. तरुणपणीं मेक्सिकोंत असतांना त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली होती. अंधाऱ्या खोलींत बसून, कागदाच्या घड्या बोटांनीं चांचपून, विचारांची मांडणी करण्याची एक पद्धति त्यांनीं त्या काळांत बसविली. सूक्ष्मदर्शकाचें काम त्या डोळ्यांस झेपेना, तेव्हां त्यांचें लक्ष हळूहळू वनस्पतींवरून माणसांच्या वसाहतींकडे वळलें. स्थळ, काम आणि लोक हें त्यांचें सूत्र. जेथें माणूस राहतो तें स्थळ, त्या स्थळानें त्यास दिलेलें काम, आणि त्या कामानें घडविलेलें लोकजीवन, या तिहींचा संबंध शोधल्यावांचून कोणत्याहि गांवाविषयीं बोलूं नये, असा त्यांचा आग्रह असे. हिंदुस्थानांतील कित्येक शहरांच्या सुधारणेविषयीं त्यांनीं अहवाल लिहिले. जुनी वस्ती पाडून तींतून रुंद रस्ते काढावे असें इंजिनियर म्हणत. गेडिस गल्लीगल्लींतून पायीं हिंडत, पडकीं घरें तेवढीं काढा, विहिरी आणि लहान चौक मोकळे करा, बाकीचें राहूं द्या, असें सांगत. निदान झाल्यावांचून औषध देऊं नये, हा वैद्याचा नियम त्यांनीं शहरास लावला.

वक्ते म्हणून मात्र त्यांची ख्याति नव्हती. त्यांचें बोलणें दाढीमिशांतच हरवून जाई, आणि एका विषयावरून दुसऱ्या विषयावर त्यांची उडी केव्हां जाईल याचा नेम नसे. पण विद्यार्थ्यास रस्त्यावर आणून उभें करण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. त्यांच्या व्याख्यानांस एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृत शिकविणारे एक तरुण अध्यापक येऊन बसत. मालवणांत १८९३ सालीं जन्मलेले हे गोविंद सदाशिव घुर्ये. परदेशीं जाऊन समाजशास्त्र शिकण्यासाठीं विद्यापीठाची शिष्यवृत्ति होती, आणि तिच्या निमित्तानें घुर्ये यांनीं मुंबई शहरावर एक निबंध लिहिला. श्रुतिस्मृतींत मुरलेल्या माणसानें आपल्या पायाखालच्या शहराविषयीं लिहावें, यांतच गेडिस यांच्या शिकवणीचा प्रभाव दिसतो. शिष्यवृत्ति घुर्ये यांस मिळाली. ते प्रथम लंडनला हॉबहाउस यांच्याकडे गेले, आणि तेथून केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे.

रिव्हर्स यांच्या पद्धतीविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकतीचें मूळ तींत आहे. ते मूळचे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ. १८९८ सालीं केंब्रिजची एक तुकडी टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेली तींत ते होते, आणि पुढें निलगिरींतील तोडा लोकांत राहून त्यांनीं १९०६ सालीं त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. बेटांवर काम करीत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, लोकांस नियम विचारला असतां ते नियमच सांगतात, व्यवहार सांगत नाहींत. ‘तुमच्यांत मामाच्या मुलीशीं लग्न होतें काय?’ असें विचारलें तर उत्तर देणारा मनाशीं विचार करतो कीं, या परक्या गृहस्थास काय आवडेल, किंवा आपल्या वडीलधाऱ्यांस काय शोभेल. आणि तसें उत्तर देतो. म्हणून रिव्हर्स नियम विचारीतच नसत. ते नांवें विचारीत. तुझ्या सख्ख्या बापाचें नांव काय, सख्ख्या आईचें काय, त्यांस मुलें किती, थोरलें कोण, धाकटें कोण, त्यांचीं लग्नें कोणाशीं झालीं, तीं माणसें कोठलीं. याप्रमाणें दोन-तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर उतरली कीं तीच वंशावळ दुसऱ्या माणसाकडून, मग तिसऱ्याकडून पडताळून घेत. यानंतर अमुक मनुष्य तमुकास कोणत्या शब्दानें हाक मारतो, हें विचारीत. शेंकडों खऱ्या लग्नांची यादी समोर असली म्हणजे लग्नाचा नियम कोणीं सांगण्याची गरज राहत नाहीं. तो यादींतच दिसतो, आणि नियम मोडणारे किती तेंहि दिसतें.

मराठी घरांत वाढलेल्या माणसास या पद्धतीचें मर्म चटकन उमगावें. बापाचा भाऊ, आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा या चौघांस इंग्रजींत शब्द एकच. आपल्याकडे काका आणि मामा यांत केवळ नांवाचा भेद नाहीं; एकाशीं वांटणीचा संबंध, दुसऱ्याशीं माहेरच्या मायेचा. शब्द वेगळा कां, हा प्रश्न विचारला कीं त्यामागें वारसा, लग्न आणि घराची रचना उभी राहते. नात्याच्या हाकेंत समाजाचा कायदा दडलेला असतो, तो असा बाहेर काढतां येतो.

१९२२ च्या जूनमध्यें रिव्हर्स अकस्मात् वारले. घुर्ये यांनीं आपला प्रबंध हॅडन यांच्या मार्गदर्शनाखालीं पुरा केला, आणि १९२४ सालीं ते मुंबईस विभागप्रमुख झाले. १९५९ सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांनीं तो विभाग चालविला. त्यांनीं प्रथम हात घातला तो रिस्ले यांच्या सिद्धान्ताला. रिस्ले यांनीं हजारों लोकांच्या नाकांचीं मापें घेवविलीं होतीं. नाकाच्या रुंदीस १०० नीं गुणून उंचीनें भागलें म्हणजे जो आंकडा येतो तो जितका लहान तितकी जात उंच, असें त्यांचें प्रतिपादन होतें. जातिभेद हा मुळांत वंशभेद आहे, आणि तो चेहऱ्यावर लिहिलेला आहे, असा त्याचा अर्थ. घुर्ये यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या जात आणि वंश यांवरील इंग्रजी ग्रंथांत हींच मापें प्रांतवार लावून पाहिलीं. संयुक्त प्रांतांत दर्जा आणि माप यांचा मेळ कांहीं अंशीं बसला. महाराष्ट्र, गुजराथ आणि इतर प्रांतांत तो बसेना. एका प्रांतांतील ब्राह्मण हा दुसऱ्या प्रांतांतील ब्राह्मणापेक्षां आपल्याच शेजारच्या जातींस अधिक जवळचा, असें कित्येक ठिकाणीं निघालें. रिस्ले यांचा सिद्धान्त रिस्ले यांच्याच आंकड्यांनीं लंगडा केला.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे स्वतः विद्यापीठाच्या वर्गांत या शास्त्राची पद्धति शिकलेले. ९ मे १९१६ रोजीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गापुढें त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींची उत्पत्ति आणि रचना यांवर निबंध वाचला. जातीचें मर्म जातीच्या आंतच लग्न करण्यांत आहे, आणि विधवेचे निर्बंध व बालविवाह हे त्यांतूनच निघतात, हा त्या निबंधाचा गाभा. पुढें १९४८ सालीं अस्पृश्यांवरील ग्रंथ लिहितांना घुर्ये यांनीं मांडलेल्या मापांचा आधार घेऊन त्यांनीं दाखविलें कीं, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे असल्याचा पुरावा मिळत नाहीं. ज्या मोजमापानें माणसास जन्मतः हीन ठरविलें जात होतें, तेंच मोजमाप नीट वाचल्यावर त्याच्या बाजूनें साक्ष देऊं लागलें. पद्धतीचा प्रश्न हा न्यायाचाहि प्रश्न कसा होतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

घुर्ये यांच्याकडे शिकण्यास आलेल्यांत इरावती कर्वे होत्या. ब्रह्मदेशांत १९०५ सालीं जन्मलेल्या आणि पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांतून पदवी घेतलेल्या इरावतीबाईंनीं मुंबईस चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर, प्रबंध लिहून १९२८ सालीं एम्. ए. ची पदवी मिळविली, आणि त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंस सारखी नसते, इतर वंशांची तशी नसते, आणि या भेदांतच युरोपियनांच्या बुद्धीचें श्रेष्ठत्व आहे, अशी कांहींशी फिशर यांची कल्पना होती. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या. डावी-उजवी बाजू सारखी नसणें हें सर्वच वंशांत आढळतें, त्याचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं, असा निष्कर्ष निघाला. आणि तो त्यांनीं तसाच लिहिला. परक्या देशांत, परक्या भाषेंत, एकट्या स्त्रीनें, पदवी ज्यांच्या हातीं त्यांच्याच मताविरुद्ध आंकडे मांडावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. तेच फिशर पुढें नाझी राजवटीच्या वंशधोरणाचे पुरस्कर्ते झाले, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या प्रबंधाचें मोल अधिकच वाढतें.

इरावतीबाई १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत आल्या आणि १९७० पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, महाराष्ट्रांत आणि महाराष्ट्राबाहेर हिंडत राहिल्या. १९५३ सालीं निघालेला त्यांचा नात्यांवरील ग्रंथ रिव्हर्स यांच्या वाटेनेंच गेलेला आहे. हाक मारण्याचे शब्द आणि लग्नाचे रिवाज भाषेभाषेंतून गोळा करून त्यांनीं देशाचे विभाग पाडले. पंढरीच्या वारींत त्या दिंडीबरोबर चालल्या. एकाच विठोबाचें नांव घेत, एकाच वाटेनें चालणारे वारकरी मुक्कामावर जातीजातींचे वेगळे होऊन जेवतात, हें त्यांस खुपलें. आणि तरीहि, जेथील लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, असें त्यांस त्याच वाटेवर उमगलें. दोन्ही गोष्टी त्यांनीं लिहिल्या. एक ठेवून दुसरी गाळली असती तर लेख गोड झाला असता, पण खरा झाला नसता.

घुर्ये यांचे दुसरे नामांकित विद्यार्थी म्हैसूरचे एम्. एन्. श्रीनिवास. मुंबईस त्यांनीं म्हैसूरांतील विवाह आणि कुटुंब यांवर प्रबंध लिहिला, तो १९४२ सालीं छापला गेला. नंतर कूर्ग लोकांवर काम करून १९४४ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. ऑक्सफर्डला गेल्यावर त्यांनीं कूर्गचीं तींच टिपणें नव्या प्रश्नांनीं पुन्हा वाचलीं, आणि १९५२ सालीं निघालेला त्यांचा ग्रंथ अगदीं वेगळा झाला. माहिती तीच असली तरी प्रश्न बदलला कीं शास्त्र पुढें सरकतें, हें येथें दिसतें. पण गुरुशिष्यांत मतभेदहि येथेंच झाला. घुर्ये समाज ग्रंथांतून आणि इतिहासांतून वाचीत. श्रीनिवास म्हणूं लागले कीं, चार वर्णांचा पोथींतील समाज आणि गांवांत नांदणारा समाज एक नव्हेत, आणि दुसऱ्याचें ज्ञान गांवांत राहिल्यावांचून होणार नाहीं. १९४८ सालीं ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. त्या खेड्यास त्यांनीं रामपुरा असें बनावट नांव दिलें, कारण ज्यांनीं विश्वासानें सांगितलें त्यांस पुस्तकामुळें त्रास होऊं नये हाहि पद्धतीचाच भाग आहे. १९७० सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें लागलेल्या आगींत त्या गांवावरील तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. श्रीनिवास यांनीं आठवणींतून पुस्तक लिहिलें, तें १९७६ सालीं निघालें. त्यांत एक गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. ब्राह्मण म्हणून आणि पाटलाचा पाहुणा म्हणून ते गांवांत राहिले, त्यामुळें वरच्या थरांतील लोक त्यांस जितके जवळून दिसले तितके हरिजन आणि मुसलमान दिसले नाहींत. पाहणाऱ्याचा पाट कोठें मांडला आहे यावर त्यास काय दिसावें हें ठरतें, ही कबुली ग्रंथाचें वजन कमी करीत नाहीं, वाढविते.

या वादांत घुर्ये यांच्यावर मात्र थोडा अन्याय झाला. खुर्चींत बसून लिहिणारे पंडित असा त्यांचा लौकिक पसरला. परंतु कोट्स यांनीं १८२० च्या सुमारास पाहिलेल्या त्या लोणी गांवाची, म्हणजे पुणें-नगर रस्त्यावरील लोणीकंदची, फेरपाहणी करून तेव्हांचें आणि आतांचें लोणी शेजारीं शेजारीं मांडणारें पुस्तक १९६० सालीं प्रसिद्ध केलें तें घुर्ये यांनींच. सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचें अंतर असलेल्या दोन नोंदी ताडून पाहतां येणें, ही कोणत्याहि देशांतील अभ्यासकास हेवा वाटावा अशी संधि. ती साधण्यास जुन्या कागदांची जाणहि लागते आणि गांवांतील धूळहि तुडवावी लागते. पोथी आणि पायवाट यांपैकीं एक निवडावी हा आग्रहच मुळांत चुकीचा आहे. मॅन यांनीं पिंपळे सौदागरचा निष्कर्ष काढला तो जुनीं दप्तरें आणि प्रत्यक्ष शेतें दोन्ही पाहून.

या सर्व विद्येचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. कोयनेचें धरण १९६० नंतरच्या दशकांत पुरें झालें. धरणाच्या हिशेबांत सिमेंट किती, वीज किती, पाणी किती, याचे रकाने असतात. ज्यांचीं घरें पाण्याखालीं गेलीं त्यांच्या नव्या वस्तींत देव कोठें बसला, शेजार कोण आला, मुलीचें लग्न कोठें जमलें, याचा रकाना नसतो. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनीं त्या विस्थापितांची पाहणी केली, आणि तिचा अहवाल १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी कागदांत जे ‘हलविलेले’ होते ते त्या अहवालांत माणसें म्हणून बोलतात. त्यांस तसें बोलतें करावयाचें तर प्रश्न कसा विचारावा हें कोणींतरी शिकलेलें असावें लागतें.

गुरूनें इतर सर्वांस जिंकावें, पण शिष्याकडून हार पत्करण्यांत आनंद मानावा, असा आपल्याकडील जुना समज आहे. घुर्ये यांनीं रिस्ले यांस तपासलें, इरावतीबाईंनीं फिशर यांस तपासलें, श्रीनिवास यांनीं घुर्ये यांस तपासलें, आणि श्रीनिवास यांनीं अखेरीस स्वतःसहि तपासलें. आज कॉलेजांतील मुलगा अथवा मुलगी हातांत प्रश्नांची यादी घेऊन दारीं आली, तर तिला दारांतूनच वाटेस लावूं नये. पाटावर बसवावें, पाणी द्यावें, आणि घरांत काय व्हावयास पाहिजे तें न सांगतां काय होतें तें सांगावें. या शास्त्रास घरबसल्या करतां येण्यासारखी याहून मोठी मदत नाहीं.